यादीला लावलेली तीट

"अवंतीच्या ॲडमिशनमध्ये तू फक्त चहा करायचा. दुसरं काही करायचं नाही," असं श्रीपादने मला बारावीच्या निकालाच्या दिवशीच बजावलं होतं. श्रीपाद माझा नवरा. तो सल्ले क्वचित देतो आणि देताना तोंडावर वर्तमानपत्र धरतो, त्यामुळे ते मला उद्देशून आहेत की क्रिकेटच्या कर्णधाराला, हे कळत नाही. शिवाय एका पदव्युत्तर शिकलेल्या बाईला, जिने स्वतःच्या लेकीच्या नर्सरी प्रवेशासाठी शहरातल्या प्रत्येक शाळेचं फाटक आतून-बाहेरून पाहिलं आहे, तिला चहावर बसवणं हा अपमान आहे. मी ते बोलणं कानाआड केलं आणि साखर जास्त घातली.

अवंती म्हणजे आमच्या शेजारच्या कुंदाताईंची मुलगी. जबलपूरच्या चेरीताल भागातल्या आमच्या गल्लीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे. तिचे बाबा रेल्वेत, नोकरी इटारसीला. महिन्यातून एकदा येतात आणि बाकीच्या दिवसांत फोनवरून "अण्णा म्हणतील तसं" एवढंच म्हणतात. अण्णा म्हणजे अवंतीचे आजोबा. तोफांच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, पण कारखाना त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. घरात कोणी जोरात शिंकलं तरी ते "कोणाच्या परवानगीने?" अशा नजरेने बघतात.

आणि अवंती? अवंतीला दगड आवडतात. लहानपणी भेडाघाटला सहलीला गेली आणि बाकी पोरं नावेत बसून ओरडत असताना ही संगमरवराच्या कपारीकडे बघत बसली, तेव्हापासून. तिच्या खिडकीत कुंड्या नाहीत, दगड आहेत. तिला जिऑलॉजी शिकायची होती, म्हणजे भूगर्भशास्त्र, आणि तो विषय शहरातल्या एका जुन्या कॉलेजात होता. जागा थोड्या, पण पोरीचे मार्क उत्तम. गोष्ट इथेच संपायला हवी होती. एक पोरगी, एक विषय, एक कॉलेज. यात चूक करायला जागाच कुठे होती, मला सांगा.

पण आपल्या लोकांना सरळ रस्ता दिसला की कुठेतरी खड्डा असणारच असं वाटतं, आणि नसला तर ते खणतात.

पहिल्यांदा अण्णांनी सभा घेतली. माझ्या चहावर.

"दगडांचं शिक्षण घेऊन काय करून राहिली तू पुढे?" अण्णांनी विचारलं. "दगड तर आपल्या अंगणात पण आहेत. त्याले कॉलेज काहून पाहिजे?"

"अण्णा, खाण में, सर्वे में, बहुत स्कोप है," अवंती म्हणाली. तिला मराठी सगळी समजते, बोलते मात्र ती हिंदीत. आमच्याकडच्या पुष्कळ पोरांचं तसंच आहे.

"खाणीत?" कुंदाताईंचा हात छातीवर गेला. त्या शाळेत शिकवतात, पण स्वतःच्या मुलीच्या बाबतीत त्यांचं सगळं शिक्षण त्या फाटकाबाहेर ठेवून येतात. "बापा, पोरीला खाणीत धाडायचं?"

तेवढ्यात भय्यासाहेब आले. भय्यासाहेब समोरच राहतात, विमा विकतात, आणि मराठी मंडळाचे सेक्रेटरी आहेत. तिन्ही कामं ते एकाच आवाजात करतात. "विनतावहिनी, चहा आहे का? अच्छा. काय विषय चालू आहे? जिऑलॉजी? बढिया. पण आधी पोरीची टेस्ट करून घ्या. नेपियर टाउनमध्ये आपला विक्की आहे. बोट बघून सांगतो, पोरगं काय बनणार."

मी शिकलेली बाई आहे. बोटावरून करिअर कळतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. मी फक्त सोबत म्हणून गेले. आणि तिथे गेलेच होते, तर चिन्मयीचीही बोटं दाखवली, कारण ती कडेवरच होती. चिन्मयी माझी मुलगी, नर्सरीत आहे. विक्की सरांचं ऑफिस एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, त्यामुळे जिन्यात अर्धे लोक कण्हत होते आणि अर्धे पोरांना ओढत होते. कोण कुठे चाललंय ते वर गेल्यावरच कळे. विक्की सरांनी अवंतीची बोटं मशीनवर ठेवली, स्क्रीनकडे बघून बराच वेळ "हूं" केलं आणि रंगीत रिपोर्ट दिला: हॉटेल मॅनेजमेंट किंवा मर्चंट नेव्ही.

"समंदर?" कुंदाताई म्हणाल्या. "जबलपूरमध्ये?"

"मॅडम, नर्मदाजी तो हैं," विक्की सर म्हणाले.

चिन्मयीला प्रशासकीय सेवा निघाली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. बोटांमध्ये थोडंफार तथ्य असू शकतं.

असो. आठवडाभर असंच चाललं आणि मग पोर्टल बंद व्हायची तारीख जवळ आली. आता प्रवेश सगळा पोर्टलवर. नाव नोंदवा, कागद चढवा, कॉलेजांची पसंतीक्रमाने, पोर्टलच्या हिंदीत 'वरीयता'क्रमाने, यादी भरा, लॉक करा. लॉक केलं की देवही बदलू शकत नाही. लॅपटॉप आमच्याकडे, म्हणून सगळे आमच्या बैठकीत. मोबाइल नंबरही माझाच दिला, कारण कुंदाताईंचा फोन वर्गात बंद असतो, अण्णा फोन कानाला उलटा लावतात, आणि अवंतीच्या नंबरवरून भय्यासाहेबांनी आधीच कुठल्यातरी विम्याचं खातं उघडून ठेवलं होतं.

माझा फोन मात्र दिवसा माझ्याकडे नसतो. तो चिन्मयीकडे असतो. त्याशिवाय ती भात खात नाही. त्यामुळे प्रत्येक ओटीपी ससा आणि कासव यांच्या कार्टूनच्या मध्ये येई आणि चिन्मयी बोटाने तो भिरकावून देई. पोर्टल म्हणे, ओटीपी टाका. आम्ही म्हणू, चिन्मू, दे ना. ती म्हणे, ससा पळतोय. राज्याचा उच्च शिक्षण कारभार एका सशासाठी थांबला होता.

शेवटी यादी भरायला बसलो. मी टाइप करणार, बाकीचे सांगणार. मी पहिल्या ओळीत जुनं कॉलेज, जिऑलॉजी, लिहायला लागले तर कुंदाताईंनी माझा हातच धरला.

"अगं, पहिल्याच ओळीत? उघडंनागडं?"

"काय झालं?"

"मनातलं असं पहिल्यांदा लिहायचं? पोर्टल काय फक्त आपणच बघतो? दृष्ट लागते, विनता. तू चिन्मयीला बाहेर नेताना तीट लावतेस की नाही?"

आता इथे मला थोडं थांबून सांगू द्या. मी अंधश्रद्ध नाही. पण चिन्मयीच्या गालावर काजळाचा ठिपका मी रोज लावते. डॉक्टरकडे नेतानाही लावते; डॉक्टर त्याला पुरळ समजून एकदा औषध लिहीत होते. छान गोष्ट उघडी ठेवू नये, तिच्यावर काहीतरी काळं, साधं, कोणाच्या डोळ्यात न भरणारं असावं, यात मला गैर वाटत नाही. आणि त्या क्षणी जिऑलॉजीची ती ओळ स्क्रीनवर खरंच फार गोरी दिसत होती.

"बरोबर बोलून राहिली कुंदा," अण्णा म्हणाले. ज्यांनी आयुष्यभर तोफेचं तोंड मिलिमीटरने मोजलं, ते अण्णा. "आधी एकदम मोठं मागू नये. कारखान्यात पण बदली मागताना आम्ही आधी नको ती जागा लिहायचो. साहेब खूश व्हायचा, म्हणायचा, अरे, याले तर चांगली द्या."

"तो ऊपर क्या डालें?" अवंतीने विचारलं. "और अण्णा, वहां लिखा है न, वरीयता..."

"तू थांब," तिघे म्हणाले. मी चौथी. म्हणजे मी म्हटलं नाही, मान हलवली.

भय्यासाहेबांनी उपाय सांगितला. पाटणच्या रस्त्यावर एक नवं खासगी कॉलेज निघालंय, बियाणांचं तंत्रज्ञान शिकवतं. त्यांचा एक पॉलिसीवाला तिथे आहे. "पहिल्या नंबरला ते टाका. तिथे कोणी जात नाही. आणि इतके मार्क असताना पोर्टल हिला पाटणला काहून टाकेल? कॉम्प्युटर आहे तो, बघतो ना. म्हणेल, ही चुकून इथे आली, आणि खाली उतरवेल."

हे मला त्या वेळी तर्कशुद्ध वाटलं. वाचकांपैकी जे हसत असतील त्यांनी स्वतःच्या पोरांचे फॉर्म भरून दाखवावेत आणि मग हसावं. पाटणशी आमची ओळख एवढीच, की हिवाळ्यात तिथून मटार येतो. मी पहिल्या ओळीत पाटण लिहिलं, मग मधे आणखी चार-पाच कॉलेजं गर्दी दिसावी म्हणून, आणि सर्वांत खाली, पदराखाली झाकल्यासारखी, जिऑलॉजी. कुंदाताईंनी स्क्रीनवरून हात ओवाळून बोटं मोडली. मी लॉक दाबलं.

निकाल लागला त्या दिवशी माझ्या फोनवर मेसेज आला. या वेळी चिन्मयी झोपली होती. "अभिनंदन. आपको प्रथम वरीयता का महाविद्यालय आवंटित हुआ है।"

मी तो दोनदा वाचला.

या घटनेतली सर्वांत संतापजनक गोष्ट कोणती ते सांगते. ती चूक नव्हे. ती म्हणजे अभिनंदनं. गल्लीत बातमी पसरली की अवंतीला पहिल्याच फेरीत पहिलीच पसंती मिळाली. लोक पेढे मागायला येऊ लागले. मंडळाच्या ग्रुपवर भय्यासाहेबांनी फुलं टाकली आणि खाली लिहिलं, 'मार्गदर्शन : विनतावहिनी'. ज्यांच्या पोरांना तिसरी-चौथी पसंती मिळाली होती त्या बायका माझ्याकडे आदराने बघू लागल्या. एकीने विचारलं, "वहिनी, आमच्याही पोराची यादी लावून द्या न." मी तिच्यापुढे पेढ्यांचा डबा धरला. अवंती त्या दिवशी खोलीतून बाहेर आली नाही, आणि भिंतीला भिंत असल्यामुळे मला दगड एकेक करून पेटीत ठेवल्याचा आवाज येत होता. तो ऐकत पेढे वाटणं काय असतं, ते कोणाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मी मदत केंद्रावर गेले. रांगेत उभी राहिले, चिन्मयी कडेवर, तीट गालावर. खिडकीतल्या माणसाने स्क्रीन बघितली आणि चेहरा उजळला.

"मॅडम, पहली चॉइस मिली है. मिठाई खिलाइए."

"भैया, वो नहीं चाहिए थी."

"तो पहली पर क्यों डाली?"

या प्रश्नाचं उत्तर हिंदीत देता येत नव्हतं. मराठीतही आलं नसतं. "अपग्रेड कर दीजिए," मी म्हटलं.

"अपग्रेड ऊपर वाली में होता है, मॅडम. पहली के ऊपर क्या है? कुछ नहीं है." त्याने हे इतक्या प्रेमाने सांगितलं की मला वाटलं आता हा भजन म्हणणार. "सीट रद्द करानी पड़ेगी. वो कॉलेज ही करेगा, पोर्टल से. उसके बाद अगले राउंड में नई लिस्ट भरिए. जल्दी कीजिएगा, जिऑलॉजी में ज़्यादा बचती नहीं हैं."

म्हणून आम्ही पाटणच्या रस्त्याला लागलो. अण्णा पुढे, भय्यासाहेबांनी मिळवून दिलेल्या गाडीत. मागे कुंदाताई, अवंती आणि मी. भय्यासाहेब स्वतः आले नाहीत, त्यांना अचानक सोलापूरहून पाहुणे आले. चिन्मयीला श्रीपादकडे ठेवलं, आणि फोनही, कारण त्याशिवाय ती राहत नाही. फोन घरी ठेवताना माझ्या मनात काहीतरी खटकलं होतं, पण अण्णा हॉर्न वाजवत होते.

कॉलेजच्या वळणावर गाडी थांबली आणि कुंदाताई म्हणाल्या, "ही आपली अवंती काहून टांगली आहे?"

दोन खांबांमध्ये फ्लेक्स होता. त्यावर अवंतीचा पोर्टलवर चढवलेला पासपोर्ट फोटो दरवाजाएवढा मोठा केलेला, ज्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. खाली लिहिलं होतं: 'जबलपुर की मेधावी बेटी, जिसने हमें पहले चुना.'

आत गेलो तर प्राचार्य दारात उभे. वयस्कर, सफारी घातलेले, डोळ्यांत पाणी म्हणावं इतका आनंद. इतके मार्क असलेली मुलगी त्यांच्याकडे याआधी आलीच नव्हती, तीही पहिल्या पसंतीने. आमच्यासाठी पोहे होते, जिलबी होती. अण्णांना शाल घातली, नारळ दिला. आणि अण्णा, जे सीट रद्द करायला आले होते, ते शाल नीट करून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "विनता, बियाणांचं तंत्रज्ञान काही वाईट नाही बरं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही म्हणजे, माणसं चांगली आहेत," ते म्हणाले. "आणि दगड काय, शेतात पण निघतात."

कुंदाताईही जिलबीकडे बघून म्हणाल्या, "रोजची बस आहे म्हणे." एका शालीत आणि एका जिलबीत आपली माणसं अशी फुटतात. मी प्राचार्यांना हिंदीत समजवायला लागले: सर, थोड़ी ग़लतफ़हमी, सर, तांत्रिक कारण. ते हसून म्हणाले, "अरे, पहली बार घर से दूर आने में सब बच्चे घबराते हैं." माझं वाक्य पोह्यांसारखं थंड होऊन ताटलीत राहिलं.

मग त्यांनी अवंतीकडे वळून विचारलं, "बेटा, तुम बताओ. तुम क्या पढ़ना चाहती हो?"

निकाल लागल्यापासून हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. तिने सांगितलं होतं आणि आम्ही पुढे बोललो होतो. अवंतीने ताटली खाली ठेवली.

"सर, मुझे पत्थर पढ़ने हैं. जिऑलॉजी."

"तो हमें पहले नंबर पर क्यों रखा?"

तिने अण्णांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"सर, बुरा मत मानिएगा," अवंती म्हणाली, फार हळू, फार अदबीने. "हमारे यहां सुंदर बच्चे को नज़र न लगे इसलिए काला टीका लगाते हैं. जिऑलॉजी को नज़र न लगे, इसलिए... आपका कॉलेज टीका था."

पंखा फिरत होता. कोणीतरी दारातून जिलबीची दुसरी ताटली घेऊन येत होतं, ते तिथेच थांबलं.

प्राचार्यांनी चष्मा काढला. पुसला. "कॉलेज को लोग बहुत कुछ कहते हैं," ते म्हणाले. "ये पहली बार सुना." मग त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. "इनकी सीट छोड़ दो, भाई. बच्ची सच बोलती है, अच्छी जगह जाए." आणि अण्णांकडे न बघता म्हणाले, "शाल रख लीजिए."

ते वाक्य अण्णांना लागलं. तोफेच्या आवाजाने जे दचकले नाहीत ते शालीच्या घडीकडे बघत बसले.

आणि मग कॉम्प्युटरवाला म्हणाला, "ओटीपी बताइए. मोबाइल पर गया है."

मोबाइल घरी होता. सशाबरोबर. कुंदाताईंच्या फोनवरून मी श्रीपादला लावलं. तो म्हणाला, "ती देत नाहीये." मी म्हटलं, हिसकाव. तो म्हणाला, "ती म्हणतेय मी वाचणार." मग नुकतेच शिकलेले आकडे तिने मोठ्या अभिमानाने वाचले, आणि सहाला नऊ म्हटलं, आणि ओटीपी चुकला. दुसरा मागवला. या वेळी श्रीपादने वाचला आणि मागून माझ्या लेकीच्या रडण्याचा आवाज आला. सीट सुटली. फोन ठेवताना श्रीपाद म्हणाला, "चहा फक्त चहा म्हणून केला असता तर..." मी फोन बंद केला. कुंदाताईंचा असला तरी.

पुढच्या फेरीची यादी अवंतीने स्वतः भरली, आमच्याच बैठकीत. आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं होतं. पहिल्या ओळीत जिऑलॉजी, झाकपाक काही नाही. तिने लॉक दाबलं तेव्हा कुंदाताईंनी दारामागून बोटं मोडायला हात उचलला होता; मी तो धरून ठेवला. निकाल येईपर्यंत अण्णा अंगणात येरझाऱ्या घालत होते. जागा मिळाली. शेवटून दुसरी, असं खिडकीतल्या माणसाने सांगितलं, आणि या वेळी मिठाई मी स्वतः नेली. दगड पेटीतून खिडकीत परत आले आहेत आणि त्यात पाटणच्या रस्त्यावरचा एक काळा दगडही आहे. अवंती म्हणते, बेसॉल्ट आहे. मला तो ओळखीचा वाटतो.

इथे ही हकिकत संपली असती, तर मी ती लिहिलीच नसती. मी लिहिते आहे ती अण्णांमुळे.

अण्णांना ती शाल झोपू देईना. एके सकाळी ते ती घेऊन पाटणच्या बसमध्ये बसले, प्राचार्यांची माफी मागायला. संध्याकाळी परत आले ते शाल खांद्यावर घेऊनच, आणि चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा ड्यूटीवर असल्याचा भाव. प्राचार्यांनी त्यांना चहा दिला होता, आणि त्यांनी प्राचार्यांना शब्द: "आमच्यामुळे तुमचं जे झालं, ते मी भरून काढतो." आता प्रवेशाची पुढची फेरी सुरू आहे आणि कॉलेजच्या फाटकाजवळ, लिंबाच्या झाडाखाली, एक टेबल आहे. त्यावर पाटी आहे, 'प्रवेश मार्गदर्शन, निःशुल्क'. टेबलामागे अण्णा आहेत. पंचक्रोशीतली पोरं रांग लावतात, कारण फोरमनचा आवाज आहे आणि फी नाही.

मी विचारलं, "अण्णा, त्यांना यादी कशी लावायला सांगता?"

"आता मी शिकलो," अण्णा म्हणाले. "तीट पहिल्या नंबरला लावायची नाही. ती आपली चूक होती. तीट दुसऱ्या नंबरला लावायची."

मी श्रीपादकडे पाहिलं. श्रीपादने वर्तमानपत्र वर केलं.

काल अण्णा एका मुलीबद्दल सांगत होते. नाव त्यांना आठवत नाही. ती लाल सायकलवरून येते, तिला गणित शिकायचं आहे, शहरातल्या कॉलेजात, आणि तिचे मार्क असे आहेत की पहिली पसंती मिळेल किंवा अगदी थोडक्यात हुकेल. हुकली तर दुसऱ्या नंबरवर काय आहे ते मी विचारलं. अण्णा हसले आणि म्हणाले, "तिथे तर कोणी जातच नाही, पोर्टल खाली उतरवेल." यादी अजून लॉक झालेली नाही.

तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा मटारासाठी नाही तरी कुठल्या कामाने पाटणच्या रस्त्याने जात असाल, तर फाटकाशी जरा थांबा. लाल सायकल दिसली तर त्या पोरीला बाजूला घ्या आणि तिची यादी एकदा बघा, विशेषतः दुसरी ओळ. तिला काय हवं आहे ते तिलाच विचारा, आणि ती सांगेल ते संपेपर्यंत ऐका. मी स्वतः गेले असते. पण घरात ठरल्याप्रमाणे मला आता फक्त चहा करायची परवानगी आहे.